खाट निवेपर्यंत

"थांब, अजून गरम आहे."

हे वाक्य मी दाराबाहेर असताना ऐकलं. पप्पांच्या मागून डोकावले, तर आत एक वाळका म्हातारा रिकाम्या खाटेवर तळहात टेकवून उभा होता. ताप बघायला आपण कपाळावर ठेवतो तसा तो हात होता. शेजारी भिंतीला टेकून एक तरुण माणूस उभा होता आणि खरा ताप त्याला होता. म्हाताऱ्यानं खाट उचलून दाराजवळच्या वाऱ्यात उभी केली, दुसरी चादर काढली, खाट पुन्हा मांडली, पुन्हा हात लावला.

"निवली. आता पडी ऱ्हाय भो."

पडून राहा भाऊ. हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. डॉक्टर औषध लिहून देतो तसं ते हे वाक्य द्यायचे. पप्पा म्हणाले, "नाना, त्याला उभं राहवत नाहीये, तुम्ही खाट कसली निववताय?" नाना म्हणाले, "सुरतेत आल्यापासून थंड खाट कधी मिळाली नाही त्याला. एकदा मिळू द्या."

तुम्ही नव्वदीच्या दशकात सुरतेच्या लिंबायतमध्ये राहिला असाल, तर याचा अर्थ सांगावा लागणार नाही. मागावर काम करणारी एकटी माणसं शिफ्टच्या खोलीत राहायची. एका खाटेला दोन माणसं, एक दिवसपाळीचा, एक रातपाळीचा. एक उठून कामाला जायचा, दुसरा कामावरून येऊन त्याच जागी पडायचा. खाट गार व्हायला वेळच नसे. सगळं ठीक असेपर्यंत हे चालायचं. पण एखादा आजारी पडला, की बारा तासांनी त्याला उठावंच लागे, कारण त्याचा जोडीदार दारात उभा असे. तोही मागावर बारा तास उभा राहून आलेला असायचा. मग आजारी माणूस ओट्यावर, जिन्यात, कारखान्याच्या भिंतीला टेकून बसून राहायचा.

नाना स्वतः तीस वर्षं मागावर होते. नोकरी सुटल्यावर गावी, पारोळ्याकडे, जायचं सोडून त्यांनी पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली, सहा खाटा मांडल्या आणि आजारी माणसांना आडवं पडायला जागा दिली. एवढंच. दवाखाना नव्हे, धर्मशाळाही नव्हे. ते स्वतः दाराशी चटई टाकून झोपायचे. चार लोकांनी मिळून त्याचा ट्रस्ट केला होता आणि त्या ट्रस्टसाठी इंग्रजी येणारं माणूस हवं होतं. पप्पा पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये सुपरवायझर होते. त्यांनी चौघांसमोर सांगून टाकलं होतं, "माझी मुलगी इंग्लिश मीडियमची आहे." ते वाक्य ऐकलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटे.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. माझा आवाज लहान. शाळेत, घरात, बसमध्ये, सगळीकडे मला एकच सांगितलं जायचं, मोठ्यानं बोल. नानांनी ते कधी सांगितलं नाही. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते. कारखान्यात विणकर एकमेकांशी ओठांनी बोलतात, तशी त्यांना ओठ वाचायची सवय होती. बाकीचे लोक त्यांच्याशी ओरडून बोलायचे आणि ओरडताना तोंड वेडंवाकडं करायचे. ते त्यांना अर्धंमुर्धंच समजायचं. माझं सगळं समजायचं. मी ओठ हलवायचे, ते बघायचे. कधी कधी आवाज काढायलाही मी विसरायचे आणि तरी आमचं बोलणं चालू असायचं.

"ही पोरगी सगळ्यांत स्पष्ट बोलते," ते लोकांना सांगायचे. लोक हसायचे. मला मात्र असं पहिल्यांदाच कोणी म्हटलं होतं.

खोलीचा मालक खोली विकायला निघाला होता. कापड मार्केटमधला एक व्यापारी ती विकत घ्यायला लागणारे पैसे ट्रस्टला द्यायला तयार होता. बरा माणूस होता. नानांनी त्याच्या दुकानात बाहेरच चपला काढल्या, तेव्हा तो स्वतः उठून म्हणाला होता, "काका, अंदर आवो ने." सगळं ऐकून घेतल्यावर त्यानं एकच विचारलं, "एटी-जी छे तमारी पासे?"

एटी-जी म्हणजे आयकर खात्याचं सर्टिफिकेट. ते ज्या संस्थेकडे असतं, तिला दान दिलं की देणाऱ्याला करात सवलत मिळते. व्यापाऱ्यानं सरळ सांगितलं, मार्चच्या आत सर्टिफिकेट आणा, खोली तुमची. नाही आलं तर यंदाचं दान मला दुसरीकडे द्यावं लागेल.

मी नानांना हा कायदा समजावून सांगितला. त्यांना तो फार आवडला. खाटेखाटेवर जाऊन ते सांगत सुटले, "सरकारनं काय डोकं लावलंय बघा. देणाऱ्याला देताना दुखू नये म्हणून कायदा केलाय." खाटेवरचा ओरिसाचा माणूस म्हणाला, "नाना, घेणाऱ्यासाठी पण काही आहे का त्यात?" नाना म्हणाले, "तुझ्यासाठी खाट आहे. पडी ऱ्हाय."

अशी गंमत तिथे चालायची. एकदा एक विणकर बरा होऊनही जाईना. नाना म्हणाले, "ताप उतरून दोन दिवस झाले रे." तो म्हणाला, "हो नाना, पण मला झोपेची सवय लागली." त्याला त्यांनी आणखी एक दिवस दिला. बाहेर कोणी वाट बघत नव्हतं, म्हणून दिला, असं त्यांनी मला नंतर सांगितलं, जणू मी त्याचा जाब विचारणार होते.

दिवाळीनंतर अर्ज भरायला बसलो. खाटांच्या मधल्या जागेत सतरंजी टाकली होती. नाना, पप्पा, आणखी दोघे आणि ट्रस्टचे सेक्रेटरी. सेक्रेटरी मॅट्रिक झालेले, इस्त्रीचा शर्ट घालणारे. ट्रस्टचं डीड, म्हणजे स्थापनेचा दस्तऐवज, त्यांनीच कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडून करून आणलं होतं, त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो रास्त होता, कारण बाकी कोणाला तेवढंही जमलं नसतं. स्टॅम्प पेपरवरचं ते इंग्रजी डीड त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. "याची माहिती अर्जात उतरवायची. बाकी काही करायचं नाही."

मी वाचलं. उद्देश या मथळ्याखाली लिहिलं होतं की हा ट्रस्ट अमुक एका जातीच्या लोकांचे सामूहिक विवाह लावण्यासाठी आणि त्याच जातीच्या गरजूंना मदत करण्यासाठी आहे. आजारी माणसांचं नाव नाही, खाटांचं नाही. ज्या जातीचा उल्लेख होता, ती नानांची नव्हती, सेक्रेटरींचीही नव्हती. टायपिस्टकडे कुठल्या तरी विवाह मंडळाचा तयार मसुदा असणार. त्यानं वरचं नाव बदललं आणि खालचं तसंच ठेवलं.

अर्जाच्या सूचना मी आदल्या दिवशी वाचल्या होत्या. एकाच जातीसाठी असलेल्या संस्थेला हे सर्टिफिकेट मिळत नाही, असं त्यात स्पष्ट होतं.

मी पान उलटलं, परत मागे आणलं. सेक्रेटरी म्हणाले, "काय, इंग्रजी जड आहे का?" सगळे हसले. पप्पाही हसले, थोडे ओशाळून.

नाना समोर बसले होते. त्यांनी विचारलं, "काय लिखेल शे यामा, माय?"

यात काय लिहिलं आहे, आई. खानदेशात लेकीबाळींना असंच म्हणतात. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मला आवाज काढायची गरज नव्हती. नुसते ओठ हलवले असते तरी सेक्रेटरींना न कळता नानांना कळलं असतं. मार्चला चार महिने होते. डीड बदलून घेता आलं असतं.

मी म्हणाले, "बरोबर आहे सगळं."

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. बरीच वर्षं मी स्वतःला सांगत असे, की मोठ्या माणसांना माहीत असेल असं मला वाटलं. ते खरं नाही. मी नुसते ओठ हलवले असते तरी नानांनी तिथेच मोठ्यानं विचारलं असतं, पाचही जण माझ्याकडे बघत राहिले असते, मग सेक्रेटरींनी वाद घातला असता आणि मला पुन्हा बोलावं लागलं असतं. ते मला नको होतं. हे खरं आहे.

अर्ज गेला. जानेवारीत एक इन्स्पेक्टर पाहणीला आला. त्यानं हिंदीत विचारलं, "यहाँ इलाज क्या देते हो?" नाना म्हणाले, "लेटने देते हैं." त्यानं वर बघितलं. "और?" नानांनी विचार केला. "और उठाते नहीं." इन्स्पेक्टरनं ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही. जाताना तो क्षणभर एका खाटेच्या काठावर बसला आणि म्हणाला, चांगलं काम आहे, पण ऑफिस कागद बघून ठरवतं. मी दारात उभी होते. त्याच्यामागे चार पावलं चालून गेले असते तर अजून सांगता आलं असतं. मी पाण्याचा ग्लास उचलून आत ठेवला.

मार्च लागला तेव्हा पत्र आलं. नाना ते घेऊन आमच्या घरी आले. पप्पा मिलमध्ये होते. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, एकेक ओळ, ओठांनी. जात, विवाह, उद्देश आणि कामाचा मेळ नाही, अर्ज नामंजूर.

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "म्हणजे कागदात लग्नं होती आणि आपण माणसं झोपवत होतो." आणि हसले. खरंच हसले. त्या हसण्याचा मला फार त्रास झाला.

"सेक्रेटरीला काही बोलू नको," ते म्हणाले. "त्याला वाईट वाटेल. चूक कोणाचीच नाही. कोणाला वाचता येत नव्हतं."

एवढं बोलून ते माझ्या चेहऱ्याकडे बघत थांबले. मी ओठ मिटून होते. मिटलेले ओठही त्यांना वाचता येत असतील, असं मला आता वाटतं. चहा न घेताच ते उठले.

व्यापाऱ्यानं त्याचं दान मार्चअखेर एका शाळेला दिलं. एप्रिलमध्ये खोली विकली गेली आणि तिथे जरीचं मशिन बसलं. सहा खाटा कोणी कोणी नेल्या. नाना एका शिफ्टच्या खोलीत राहायला गेले, एका रातपाळीवाल्याचे जोडीदार म्हणून. सकाळी सातला ते खाट सोडायचे. मी एकदा कॉलेजला जाताना पाहिलं, ते ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मी हात केला. त्यांनीही केला. खोकत होते. मी थांबले नाही, माझी बस होती.

मेच्या शेवटी ते तिथेच बसल्या जागी गेले. दुपारपर्यंत लोकांना वाटत होतं डुलकी लागली आहे. मुलं त्यांच्या पायांवरून उड्या मारून जात होती.

गल्लीत ताडपत्री बांधून शोकसभा झाली. त्यांचा जोडीदार, पंचविशीतला विणकर, उठून बोलला. "मी म्हटलं होतं, नाना, आज पडून राहा, मी बाहेर झोपतो. तर म्हणाले, तू बारा तास उभा होतास. त्यांनी खाटेला हात लावला. म्हणाले, गरम आहे रे, चालेल का तुला? आणि बाहेर जाऊन बसले." तो खाली बसला.

मग सेक्रेटरी उठले. त्यांचा शर्ट चुरगळलेला होता. ते म्हणाले, नानांची खोली राहिली असती तर नाना राहिले असते, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणाले, डीड मी आणलं, दोष माझा. पण इंग्रजीत काय लिहिलंय ते आपल्यात कोणाला कळणार होतं? कोर्टाचं इंग्रजी, कॉलेजच्या पोरीलाही जड गेलं. पत्र येईपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. लोक माना हलवत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "नशीब, दुसरं काय." पप्पाही मान हलवत होते.

मी उभी राहिले. कशी, ते आठवत नाही. मी काहीतरी बोलले, आणि कोणाला कळलं नाही, कारण मी ते नानांशी बोलायचे तसं बोलले होते, नुसत्या ओठांनी. मागून कोणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही, ताई. मोठ्यानं बोला."

"मी वाचलं होतं," मी म्हणाले. "दिवाळीनंतर, अर्ज भरताना. मला माहीत होतं."