आखाजीपर्यंत थांबवलेलं इंजिन

आबांनी मोटार आणली तेव्हा ती मोटार वाटतच नव्हती. चोपड्याच्या एका बंद जिनिंगच्या गोदामात शंभरेक वर्षांपूर्वीची ती गाडी सरकीच्या पोत्यांखाली पडून होती. भंगारात जाणार म्हणून आबांनी ती मागून घेतली आणि मेहरूणमधल्या आमच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उतरवली. आबा म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं दुरुस्त केलेले. म्हणाले, हिला हातानंच उभी करायची.

मी धुळ्याहून दर शनिवारी यायचे. पहिल्याच शनिवारी वही काढून कामांची यादी केली. ही स्वतःच्या लग्नातही यादी घेऊन बसली होती, असं आबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. यादी नसती तर त्या लग्नात वरण कमी पडलं असतं, हे मात्र सांगायचे नाहीत.

कामं भराभर होत गेली. चाकांचे लाकडी आरे कुजले होते. कोणत्याही दुकानात मिळणारे नव्हते. जामनेरच्या बैलगाड्या करणाऱ्या सुताराने ते बाभळीचे घडवले. तांब्याच्या पत्र्यातून गॅस्केट मी कापलं. बेअरिंगला आबा स्वतः बसत. थोडं खरवडायचे, बसवून पाहायचे, पुन्हा काढायचे. मोजमाप नाही. सगळं कानावर. लांब पेचकसाचं टोक इंजिनला टेकवायचं, त्याची मूठ कानाला लावायची आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, हीच त्यांची विद्या. डावा कान ठोकाठोकीत कधीच गेला होता. उजवाही कमी होत चालला होता. ते आम्हाला माहीत होतं आणि आम्ही त्यावर उपाय म्हणून नुसते मोठ्याने बोलत होतो.

माघात इंजिन जोडून गाडीत बसवलं. मी शेडमध्ये शिरले तर आबांनी पेट्रोलची बाटली वर टांगून नळी जोडून ठेवलेली. इंजिन चालू करायचं हॅन्डल मारायला डॉक्टरांनी त्यांना मनाई केली होती. म्हणून माझी वाट पाहत होते.

"एक डाव चालू कर," आबा म्हणाले. "मी आयकी लेस."

गळका रेडिएटर अजून झाळायला दिलेला होता, त्यामुळे इंजिन थंड ठेवायला पाणी नव्हतं. पाण्याशिवाय मिनिटभर इंजिन चालतं, त्याला काही होत नाही, हे त्यांनी मला समजावलं. ते मलाही कळत होतं. पण माझ्या मनात ठरलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही तिघी बहिणी माहेरी येतो. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. रंग झालेला, कापडी टप चढवलेला, हार घातलेला, आणि मग पहिलं हॅन्डल.

"आबा, आखाजीले करूत," मी म्हणाले. "आजून अकरा कामं बाकी शेतस."

त्यांनी वाद घातला नाही. बाटलीची नळी काढली, चिंधीने पुसली.

"मंग तुन्ही यादीमा लिखी ले."

मी लिहिलं. रंगाच्या खाली, अगदी शेवटी.

फाल्गुनात त्यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला तेव्हा उजवा कान गेला होता. नस सुकली, असं डॉक्टर म्हणाले. यंत्र लावून पाहिलं, त्यातून नुसती खरखर यायची. तेव्हापासून मी त्यांच्याशी त्याच वहीत लिहून बोलायला लागले.

अकराची अकरा कामं वेळेत झाली.

आखाजीच्या सकाळी बहिणी आल्या. मांडे झाले, आमरस झाला, पूजा झाली. मी हॅन्डल मारलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं आणि शेडचे पत्रे थरथरायला लागले. बहिणी हसत होत्या. आबा माझ्या हाताकडे पाहत होते, मी हॅन्डल पुन्हा कधी मारते म्हणून.

"व्हयनं का चालू?"

मी त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. मग त्यांनी कोपऱ्यातला पेचकस घेतला, टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ उजव्या कानाला लावली. मग डाव्या. मग कानामागच्या हाडाला. बहिणींचं हसू थांबलं.

त्यांनी पेचकस माझ्या हातात दिला.

"आते तू आयक. सांग, कसा आवाज शे?"

मी मूठ कानाला लावली. आत एकसारखं काहीतरी चाललं होतं, आणि त्याच्या खाली आणखी काहीतरी, बारीक. ते ठीक होतं की बिघाड होता, मला कळेना. इतके शनिवार त्यांच्या शेजारी बसून मी वहीत खुणा करत होते. ऐकायला मी कधी शिकलेच नाही. पेन्सिल काढून मी लिहिलं, 'चांगला आहे.'

आबांनी वही लांब धरून वाचली.

"चांगला ते शेच," ते म्हणाले. "पन कसा?"

वही त्यांनी माझ्यापुढे धरून ठेवली. इंजिन चालू होतं. मी पुन्हा मूठ कानाला लावली.