डोळ्यांची पिशवी, छातीची पिशवी

डिचोलीच्या खाणीवर मी अख्खी नोकरी वजनकाट्यावर काढली. ट्रक काट्यावर चढायचा, मी आकडा वाचून चिठ्ठी फाडायचो. त्या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. एक छातीतली कायमची घरघर, आणि दुसरी शिस्त: एका ट्रकची चिठ्ठी दुसऱ्या ट्रकच्या गठ्ठ्यात जाता कामा नये. घरघरीपेक्षा शिस्तीनेच मला जास्त छळलं, आणि मी मूर्ख तिचंच कौतुक करत बसलो.

निवृत्त होऊन मुळगावच्या घरी बसलो, तेव्हा डोळ्यांचंही निघालं. काचबिंदू. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली सांभाळायची." रोज दोनदा घालायला थेंब दिले. मी लगेच दुसरी पिशवी केली. छातीच्या डॉक्टरांची निळी, डोळ्यांच्या डॉक्टरांची पिवळी, खुंट्यासुद्धा वेगळ्या.

"एका माणसाक दोन पिशयो कित्याक?" बायकोने विचारलं.

मी तिला खात्यांचं महत्त्व समजावलं. तिने ऐकून घेतलं नि तांदूळ निवडायला गेली.

थेंब सुरू झाल्यावर पंधरवड्यात दम वाढला. रस्त्यापासून घरापर्यंतची चढण मी एका दमात चढायचो, ती आता गोठ्यापाशी थांबून चढायला लागलो. निळी पिशवी घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "नवीन औषध काही चालू केलंय?" मी ऐटीत "नाही" म्हटलं. डोळ्यांचे थेंब हे काय औषध आहे, आणि ते त्यांच्या खात्यातलं कुठे होतं? त्यांनी जास्त ताकदीचा पंप लिहून दिला आणि सांगितलं, पंप ओढल्यावर गुळण्या करायच्या, विसरायचं नाही.

मी विसरलो नाही. मी डोकं चालवलं. पंपानंतर लगेच चहा पितोच, म्हणजे तोंड धुतलं जातंच, असा माझा हिशेब. तोंडात पांढरे चट्टे आले, पावासारखी मऊ पोय चहात बुडवून खाल्ली तरी जीभ झोंबायची. चवथीला आमच्या वाड्यावर आरती मी सुरू करतो. त्या वर्षी मी तोंड उघडलं आणि चढावर गिअर अडकलेल्या ट्रकसारखा आवाज निघाला. शेजारचा म्हणाला, "काका, ह्या वर्सा तुमी फकत घुमट वाजयात."

गळ्यात ते मातीचं वाद्य अडकवलं. वाजवलं.

मग पिवळी पिशवी घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. दाब उतरायच्या जागी वाढला होता. "थेंब चुकवता का?" त्यांनी विचारलं. आयुष्यात एक चिठ्ठी न चुकवलेल्या माणसाला हा प्रश्न. मी आठ दिवस धुमसत होतो.

त्यानंतर बायकोच्या माहेरी हरमलला गेलो. निघण्याच्या घाईत तिने माझ्या दोन्ही पिशव्या एका तांदळाच्या पिशवीत रिकाम्या केल्या. मी स्टँडपर्यंत बोलत राहिलो. तिसऱ्या दिवशी थेंब संपले, म्हणून तीच पिशवी घेऊन फार्मसीत गेलो. पुढे एक विदेशी जोडपं उन्हाने भाजलेल्या पाठीला मलम मागत होतं. माझी पाळी आली तेव्हा मी सगळी पिशवी काउंटरवर ओतली.

काउंटरमागच्या मुलीने एका हातात पंप घेतला, दुसऱ्या हातात थेंबांची बाटली.

"हे दोनूय एकाच मनशाचे?"

"दोन आजार एकाच मनशाक जाल्यार चलना?" मी म्हटलं.

ती हसली नाही. तिने स्टूल पुढे सरकवलं आणि मला बसवून सांगितलं. हे थेंब डोळ्यांतच राहत नाहीत, अंगात उतरतात, आणि दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. दम वाढला म्हणून मोठा पंप, आणि मोठ्या पंपाने कुणाकुणाच्या डोळ्यांचा दाब वाढतो. "आपल्या मनान कांय बंद करूं नाकात. आयजच डॉक्टराक फोन करात," ती म्हणाली. शिकलेल्या दोन डॉक्टरांना महिनोन्महिने जे दिसलं नाही, ते तिला उभ्या उभ्या दिसलं.

दुसऱ्याच दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भांडायला गेलो. वाक्यं बसमध्येच जुळवली होती. तुम्ही विचारलं कसं नाही, हे पहिलं. डॉक्टरांनी शांतपणे माझी फाईल उघडली आणि पहिल्या दिवशीचा अर्ज पुढे केला. 'दमा किंवा छातीचा इतर आजार' या रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: नाही.

माझी निम्मी वाफ तिथेच गेली. उरलेली निम्मी मात्र मी सोडली नाही, आणि आजही सोडणार नाही. दिसत नाही म्हणून आलेल्या माणसाच्या हातात मुंगीएवढ्या अक्षरांचा अर्ज द्यायचा, आणि त्याने 'नाही' लिहिलं की तो विषय संपला? छातीवर घरघर वाजत असलेला माणूस समोर बसलाय, ती कानांना ऐकू येत नाही का? डॉक्टर म्हणाले, अक्षरं छपाईवाल्याने ठरवलीत.

थेंब बदलले. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर बोलले, पंप पुन्हा लहान झाला. आठवड्यात चढण एका दमात चढलो. गुळण्यांनी आवाजही परत आला. पण डाव्या डोळ्याची नाकाकडची बाजू पुसली गेली ती गेलीच. ती कुणाच्या नावावर मांडायची, याचं उत्तर मला सापडलेलं नाही. माझं नाव मी त्यातून काढत नाही.

परवा तपासणीला गेलो, तर शेजारी एक म्हातारा तोच अर्ज डोळ्यांजवळ धरून बसला होता. श्वास घेताना शिट्टी वाजत होती.

"छातीचें कितें आसा?" मी विचारलं.

"आसा मरे. पूण ती फायल घरा उरली."

मी त्याच्या हातातला अर्ज घेतला आणि त्या रकान्यात पेन दाबून लिहिलं: आहे. दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, अक्षर रकान्याच्या भायर गेलें."

"भायर वचूं दी," मी म्हटलं.