अंगणातला बर्फ आणि आईचं मीठ

मी आइस हॉकी खेळते म्हटलं की लोक विचारतात, "गाव कोणतं?" अकोला सांगितलं की हसायला लागतात. हसा बापा! उन्हाळ्यात जिथं चपलेशिवाय अंगणात पाऊल टाकता येत नाही, तिथली पोट्टी बर्फावर खेळते, हे मलाही कधीकधी थापच वाटते.

मी शिकले चाकांच्या स्केट्सवर, अमरावतीला. बाबा रेल्वेत, रोज अमरावतीशेजारच्या बडनेऱ्याला अपडाउन. रविवारी मला सोबत न्यायचे. बी.कॉमच्या शेवटच्या वर्षी स्केटिंगच्या सरांनी लेहच्या आइस हॉकी निवड चाचणीला माझं नाव पाठवलं आणि वर म्हणाले, "तिथं खरा बर्फ असतो. निदान उभी राह्य म्हणजे झालं." आईनं घरी लगेच निकाल लावला. "या खेपेले घेतलं तं घेतलं. नाई तं ते बूट माळ्यावर अन् तू बँकेच्या परीक्षेले. मंग रडायचं नाई."

मी तेव्हाच रडले. बाबांना ते पाहवलं नाही. संक्रांतीनंतर एका सकाळी ते बर्फाच्या कारखान्यातून रिक्षात चार लाद्या घालून आले, भुशासकट, आणि अंगणात एकाला एक लावून मांडल्या. जानेवारीत अकोल्यात थंडी असते असं आम्ही म्हणतो; म्हणजे कूलर बंद असतो, पंखा चालू. बर्फावरचे पात्याचे बूट सरांचे उसने, दोन नंबर मोठे होते, म्हणून पुढं कापूस कोंबला. त्याला आमच्याकडे काय तोटा? मी लादीवर उभी राहिले आणि पुढच्याच क्षणी तुळशीच्या ओट्याला मिठी मारली.

ऊन चढलं तसं बर्फाला पाणी सुटायला लागलं. आई खड्याच्या मिठाचा डबा घेऊन आली. "कोठीच्या आइस्क्रीमले बर्फात मीठ नाई का टाकत आपण? मिठानं बर्फ टिकते." तिनं मुठी भरभरून मीठ फेकलं. बाबांनीही मुकाट्यानं दोन मुठी टाकल्या. लग्नाकार्यात कोठी, म्हणजे आइस्क्रीमचा दांड्याचा पॉट, फिरवायला लोक आईलाच बोलवायचे, तिच्या शब्दापुढं मी कोण? दुपारपर्यंत लाद्यांच्या फळ्या झाल्या, वर बोटभर पाणी. आठ दिवस हेच. बाबा इमानानं लाद्या आणत, आई तेवढ्याच इमानानं मीठ टाके आणि मी त्या राडीत आपटत असे.

लेहची चाचणी फेब्रुवारीअखेर, नेमकी भर दुपारी निघाली. थंडी ओसरत आलेली, ऊन कडक, तळ्यावरच्या बर्फाला वरून पाणी सुटलेलं. टणक बर्फावर शिकलेल्या पोरी धडाधड पडत होत्या. मला मात्र ते आमचं अंगणच वाटलं. पडले मीही, पण पडून उठायची सवय माझ्याइतकी कुणालाच नव्हती.

मला घेतलं. त्याला आता आठ वर्षं झाली. एक दात गेला, देशाची जर्सी मिळाली, खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली.

गेल्या उन्हाळ्यात घरी कोठीचं आइस्क्रीम चाललं होतं. दांडा माझ्या हातात, मीठ आईच्या. खालच्या भोकातून पाण्याची धार लागली आणि माझा हात थांबला.

"आई, मिठानं तं बर्फ विरघळते."

"हाव."

"तुले तवा माहीत होतं?"

"जलमभर कोठी फिरवून राह्यली मी. मले माहीत नसन?"

"मंग काहून टाकलं वो?"

"तू जाऊ नये म्हून," आई सरळ म्हणाली. "लय दूर होतं ते."

मला राग आला. खरंच आला. माझे गुडघे फुटत होते आणि ही बाई ओट्यावर बसून बघत होती! मी म्हटलं, "थांब, बाबांनाच सांगते. बिचारे रोज रिक्षा करून बर्फ आणत होते."

"सांग ना. कोठी मले त्यायनंच शिकवली."

बाबा वाटी घेऊन समोरच बसले होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मीठ कमीच पडलं."