आबांचा अफूचा चमचा

आमच्या तांबट आळीत झोपून राहायची सोय नव्हती. सूर्य वर यायच्या आधी कुठेतरी एक हातोडा पडायचा, त्याला दुसरा उत्तर द्यायचा आणि मग दिवसभर ठोक्यांशिवाय काही ऐकू येत नसे. मी शाळेत पहिला नंबर काढला तो या आवाजात बसून, हे मी आजही कुणालाही सांगतो. आमच्या आळीतला पहिला बी.ए. मीच. त्याचा मला गर्व होता आणि पुढे जे घडले ते या गर्वामुळेच घडले, म्हणून तो आधी सांगून टाकतो.

मी मॅट्रिक झालो तेव्हा समोरच्या घरची भट्टी विझली. इंटरला होतो तेव्हा शेजारची विझली. एकोणीसशे तिसानंतरची मंदीची वर्षे होती. बाजारात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आली, कारखान्यात दाबून काढलेले पितळी डबे आले आणि हाताने ठोकून मठारलेला हंडा घ्यायला लग्नघरे सोडून कुणी येईना. पुण्याहून बी.ए. होऊन परतलो तेव्हा आळी इतकी गप्प होती की नदीकडच्या देवळातली घंटा घरात ऐकू यायची. आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसून ती ऐकत. पस्तीस वर्षे ठोके ऐकून त्यांचे कान निम्मे गेले होते, तरी घंटा वाजली की मान वळवायचे. मला ते बघवत नसे.

काम गेले, अफू राहिली. तांबटाला अफू लागायची ती कमरेसाठी आणि दंडासाठी. उकिडवे बसून दिवसभर पत्रा मठारायचा तर सकाळच्या चहाबरोबर एक काळी गोळी आणि दुपारी एक, असा सगळ्यांचा रिवाज. सरकारी ठेक्याच्या दुकानात ती उघड मिळत असे. दारू पिणाऱ्याला आळी नावे ठेवी, अफू खाणाऱ्याला कुणी काही म्हणत नसे. बायका चिंच लावून भांडी घासायला बसत तेव्हा तान्ह्या पोराच्या जिभेवर तीच टेकवत, म्हणजे पोर निजून राही. आता काम नव्हते, पण दोनाच्या तीन आणि तीनाच्या चार गोळ्या झाल्या होत्या. सगळे पुरुष ओट्यावर बसलेले, तोंडे सुकलेली, पोटे बद्धकोष्ठाने बांधलेली. पोरे तर पाऱ्याच्या आरशातून बघितल्यासारखी फिकी.

मला म्युनिसिपालिटीच्या आरोग्य खात्यात हंगामी कारकुनी मिळाली. काम फिरण्याचे. एका घरात माणसे किती, पाणी कुठले, दुखणे काय, व्यसन काय, हे वहीतल्या रकान्यांत भरायचे. गंगापूर रस्त्यापासून पंचवटीपर्यंत मी पायी फिरलो आणि शेवटी आमच्या आळीवर आलो. घरामागून घर, व्यसनाच्या रकान्यात एकच शब्द लिहीत गेलो.

शेजारचे काका आबांच्या बरोबरीचे. एकाच भट्टीवर दोघे शिकलेले. ते म्हणाले, "लिही, बीए, लिही. माझं लिही, माझ्या बापाचं पण लिही, तो पण खायचा. आता बघतो स्वतःच्या घरचं काय लिहितोस."

"जे असेल ते लिहीन, काका."

"बघू तर."

ते माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. वाचता येत नसले तरी शेजारच्या ओळींतला शब्द आणि हा शब्द वेगळा आहे एवढे त्यांना कळत होते. आमच्या घरापुढे मी 'व्यसन : नाही' असे लिहिले.  काका नाक शिंकरून आत गेले.

ही ओळ लिहिल्यावर मला स्वस्थ बसवेना. वही उघडली की तीच दिसे. मग मी ठरवले की ओळ खोटी आहे ना, तर ती खरी करायची. त्याच दुपारी आबांची अफूची डबी कोनाड्यातून उचलली आणि नदीत फेकून आलो.

घरी येऊन सांगितले तर आईने हातातले सूप खाली ठेवले.

"फेकलीस? सगळी?"

"विष आहे ते, आई."

"तुला तीन वर्षांचा होईपर्यंत दिली. तेव्हा नव्हतं विष? बी.ए. झालासच की."

आबांना मी कानाशी जाऊन पुन्हा सांगितले. त्यांनी रिकाम्या कोनाड्यात हात घालून बघितला. मग म्हणाले, "तू शिकलेला आहेस. तू म्हणतोस तर सोडली." आणि थोड्या वेळाने, "अफू फेकायची होती तर अफू फेकायची. डबी कशाला फेकलीस? माझ्या बापाने केली होती."

ठेक्याचे दुकान चार पावलांवर होते. ते गेले नाहीत. शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांना शिंका सुरू झाल्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि एकामागून एक जांभया. अंगावर काटा यायचा. पाय जागेवर राहत नव्हते. बसले की उभे राहायचे, उभे राहिले की ओसरीत फेऱ्या घालायचे, फेऱ्या घालून दमले की पुन्हा पाय झाडत पडायचे. त्यांना बघून मीही फेऱ्या घालू लागलो. आई म्हणाली, "हे अफू तोडल्याचंच आहे." मी म्हणालो, "दोन दिवस कळ काढावी लागेल." हे मी कुठे वाचले होते म्हणाल, तर कुठेही नाही. पण बी.ए. असल्यावर असे ठासून बोलता येते.

तिसऱ्या दिवशी सकाळी उलट्या आणि जुलाब लागले. यात्रेचे दिवस होते आणि नदीकाठच्या धर्मशाळेत दोन माणसे पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, गेल्याचे मी स्वतःच आदल्या दिवशी खात्यात लिहिले होते. माझ्या डोक्यात पटकीशिवाय दुसरे काही येईना. नियम असा होता की संशय आला तरी ताबडतोब कळवायचे. मी धावत जाऊन कळवले. तासाभरात आळीच्या विहिरीत जांभळे औषध पडले, बायकापोरांना सुया टोचल्या आणि आबांना गाडीत घालून गावाबाहेरच्या पटकीच्या शेडमध्ये नेले. गाडीत ते पाय झाडत होते आणि मी त्यांचे पाय धरून बसलो होतो.

शेडवरचे डॉक्टर वयस्कर होते, माझ्याच खात्यातले. नाडी बघता बघता त्यांनी विचारले, "अफू वगैरे खातात का?"

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरांनी वाकून आबांच्या कानात मोठ्याने विचारले, "बाबा, अफू खाता का?"

आबांना ते ऐकू गेले. त्यांनी माझ्याकडे बघितले आणि म्हणाले, "नाही."

मला त्या क्षणी बोलता आले असते. मी बोललो नाही. उलट मनाची समजूत घातली की पटकीच असेल, काल धर्मशाळेत होतीच की.

शेडमध्ये सहा खाटा होत्या. पाचांवर खरे पटकीचे रोगी, त्यांचे डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच राहणारी. सहाव्या खाटेवर आबा. मला आत थांबू देईनात. बाहेर विहिरीपासून शेडच्या दारापर्यंत मी येरझाऱ्या घालू लागलो. दारातून आबा दिसायचे. ते जांभई द्यायचे. पुन्हा द्यायचे. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जांभई द्यायचीही ताकद नव्हती. मी विहिरीकडे जायचो, तिथे एक बादली होती ती उगाच सरळ करून ठेवायचो आणि परत यायचो.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंपणाशी काका आणि आई आली. पहारेकरी आत सोडत नव्हता. काकांनी तिथूनच विचारले, "बीए, पटकीचा माणूस जांभया देतो का रे? मी तर धर्मशाळेत दोन मेलेले बघितले. एकाने पण दिली नाही."

मी विहिरीकडे बघितले.

"आणि यांना खरी पटकी नसली," काका म्हणाले, "तर पटकीवाल्यांत ठेवून लागेल का नाही? तू शिकलेला, तूच सांग."

हे मला काल दुपारपासून माहीत होते. विहिरीपाशी जाऊन मी तेच विसरत होतो.

आईने पदराची गाठ सोडली. आत कागदात एक गोळी होती. "ही त्यांना दे. नाहीतर आत जाऊन सांग."

"तूच का नाही सांगितलंस काल? गाडी दारात होती तेव्हा?"

"तू कागदावर नाही म्हणून लिहिलंस ना. काकांनी सांगितलं आम्हाला. सरकारी कागद. मी तोंड उघडलं असतं तर तुझी नोकरी गेली असती." ती गाठ पुन्हा बांधू लागली. "त्यांनी पण म्हणूनच सांगितलं नसणार. बाप आहे तुझा. तुझा कागद खोटा कसा पाडेल?"

तेव्हा मला कळले की काल खरे दडवणारे आम्ही दोघे नव्हतो, तिघे होतो, आणि त्यातल्या एकट्या मीच ते स्वतःसाठी दडवले होते.

मी गोळी घेतली नाही. आत गेलो. डॉक्टर हात धूत होते.

"आबा अफू खातात," मी म्हणालो. "लहानपणापासून. तीन दिवसांपूर्वी मी ती एकदम बंद केली. वहीतही मी खोटे लिहिले आहे."

डॉक्टरांनी हात पुसले, आबांच्या खाटेपाशी गेले आणि बोटाने त्यांची पापणी वर केली. "बघा. बाहुली केवढी झाली आहे. आणि डोळे वाहतायत. पटकीच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी कुठलं उरतं? मला कालच दिसत होतं हे." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पण घरचा माणूस नाही म्हणतोय, तो पुन्हा खात्यातला, पुन्हा बी.ए. मी तुमच्या पदवीवर विश्वास ठेवला."

त्यांनी बाटलीतले अफूचेच औषध मापून पाजले. आबांचे पाय आधी थांबले. मग जांभया थांबल्या. तासाभराने त्यांनी डोळे उघडून चहा मागितला. पहिल्यांदाच, म्हणजे त्या चार दिवसांत.

पण सुटका झाली नव्हती. डॉक्टरांनी त्यांना शेडमागच्या वेगळ्या खोपटात हलवले आणि म्हणाले, "आता पाच दिवस बघायचं. इथून काही लागलं असेल तर या पाच दिवसांत दिसेल." ते पाच दिवस मी मोजले. आबा उठले की उठायचो, शौचाला गेले की दाराबाहेर उभा राहायचो. आबाच वैतागले. "जरा बस की रे कुठंतरी. मला फिरतं दिसायला लागलंय."

सहाव्या दिवशी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले.

"राजीनामा लिहून आणू का?" मी विचारले.

"तुम्हाला लिहिण्याची घाई फार. आधी वहीतली ओळ दुरुस्त करा. आणि आळीत जाऊन सांगा की कुणी एकदम बंद करायची नाही. तान्ह्या पोरांची तर नाहीच. एकदम बंद केली तर पोर जाईल. हळूहळू कमी करायची, आठवड्याला जराशी. सांगता येईल ना?"

मी आळीत घरोघर जाऊन ते सांगितले. आधी माझी गोष्ट सांगावी लागे. ती ऐकायला बायका जास्त उत्सुक असत.

हळूहळू म्हणजे किती, हे मात्र कुणाला ठरवता येईना. गोळी बोटाने वळायची, तिला माप कसले? ते आबांनी काढले. कितीतरी महिने पडून असलेली लहान ऐरण त्यांनी मांडली, तांब्याच्या पत्र्याचा बोटाएवढा चमचा केला आणि त्याच्या टोकाला ठोकून खळगा पाडला. त्या दिवशी त्यांना लागत होती तेवढीच अफू त्यात मावत होती, शिगोशीग. मग अमावास्या आली; त्या दिवशी तांबट हातोडा उचलत नाही, ती आमची सुटी. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी चमचा उलटा धरला आणि बारीक हातोडीने खळग्याला खालून तीन ठोके दिले. खळगा तेवढा वर आला. पुढे दर आठवड्याला आणखी एक ठोका. आईने विचारले, "एवढ्याने काय होणार?" ते म्हणाले, "हंडा काय एका ठोक्यात होतो?"

काकांनी चमचा मागितला. मग पलीकडच्यांनी. तान्ह्या पोरांच्या आयांनी तर इतके लहान मागितले की आबांना चष्मा लावून बसावे लागे. त्या थंडीत सकाळच्या वेळी आळीत पुन्हा ठोके ऐकू यायला लागले. हंड्यांचे नव्हेत, फार बारीक. सगळ्यांना जमले असे मी म्हणणार नाही. दोघे परत पहिल्या मापावर गेले. एक तान्हे पोर गेले, त्याच्या आजीने आमचे न ऐकता एकदम बंद केली होती. आबांचा चमचा आज माझ्याकडे आहे. तोही पूर्ण सपाट नाही. अंगठा फिरवला की खळगा लागतो.

पुढच्या वर्षी पुन्हा वही घेऊन मी आळीत गेलो. काका ओट्यावरच होते. आमच्या घराच्या ओळीपाशी आलो तेव्हा ते पुन्हा खांद्यावरून वाकले.

"काय लिहिलंस?"

"अफू. कमी होत आहे."

"असा रकाना असतो?"

"नसतो. कडेला लिहिलं."

"मग माझ्यापुढे पण तेच लिही."

"लिहितो. आधी तुमचा चमचा दाखवा. खळगा किती वर आलाय बघतो."

काका चमचा आणायला म्हणून आत गेले. मी तीन घरे करून परत आलो तरी ते बाहेर आले नव्हते.