फळीवरचे पाच दिवे

जैनुद्दीन सोलकरचा डावा कान बोटीवरच गेला होता. इंजिनाच्या धडधडाटाशेजारी वायरलेसचे सामान दुरुस्त करण्यात त्याची बारा वर्षे गेली. रत्नागिरीला परतल्यावर १९५५ च्या पावसाळ्यात उजवा कानही गेला. मिरकरवाड्याच्या चढणीवर, घराच्या पडवीत तो रेडिओ दुरुस्त करी. बहिरा रेडिओवाला म्हणजे आंधळा सोनार! म्हणून ही गोष्ट त्याने बायको खतिजाखेरीज कुणाला कळू दिली नव्हती.

गिऱ्हाइकाचे बोलणे तो ओठांवरून ओळखी. रेडिओला ओठ नसतात. त्यासाठी माजघराच्या दारात पडद्याआड खतिजा उभी राही. ती परक्या पुरुषांसमोर येत नसे, त्यामुळे पडद्याचा संशय कुणालाच आला नाही. आवाज साफ असला की पडदा स्थिर. खरखर असली की हलायचा.

सरकारने गावोगावच्या पंचायतींना बॅटरीवरचे रेडिओ दिले होते. खाऱ्या, दमट हवेने ते वरचेवर मुके होत. थेट लांजा-संगमेश्वरापर्यंतच्या त्या रेडिओंचे काम कुणाला द्यायचे, ते ठरवायला एक साहेब यायचे होते. काम मिळाले नाही तर पडवी बंद. आणि कान नसलेल्या माणसाला बोटीवर तरी कोण घेणार?

जैनुद्दीनने दोन महिने खपून फणसाच्या लाकडाची एक फळी तयार केली. होडीला मारतात ते तांब्याचे खिळे घासून टोकदार केले आणि खाली स्प्रिंगा देऊन फळीत बसवले. रेडिओचा सांगाडा आवाजाच्या कर्ण्यासकट पेटीतून काढून फळीवर दाबला की एकेक खिळा नेमक्या सांध्याला टेके. तार शाबूत असली तर त्या सांध्याचा दिवा लागे. पाच सांधे, पाच दिवे. अर्ध्या दिवसाचे काम मिनिटावर आले.

"तुझी पडद्याची नोकरी संपली," तो खतिजाला म्हणाला.

"मग बक्षीस द्या न् मोकळी करा." ती हसली, मग थबकली. "अवो, पन दिवा काय आयकतो? मी उभी ऱ्हाते."

"ऱ्हा. पन मी मागं बघनार नाय. सायबाला कळेल."

साहेब आले ते एक मुका रेडिओ घेऊनच. सांगाडा फळीवर बसला. चार दिवे लागले, तिसरा लागला नाही.

"चाचा, दिवाळी लवकर आली!" शिपाई गंगाराम म्हणाला.

जैनुद्दीनने तिसऱ्या सांध्याला कथलाचा डाख दिला. पाचही दिवे लागले. साहेबांचे ओठ "वा!" म्हणाले. सांगाडा पेटीत गेला, बॅटरी जोडली, बटण फिरले.

"ऐका साहेब. घंटेसारखा!"

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. गंगारामने कानांत बोटे घातली. जोर जास्त झाला असेल, असे समजून जैनुद्दीनने आवाज कमी केला आणि हसून विचारले, "आता?"

साहेब त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हातातली फाईल तोंडापुढे धरली.

"जी साहेब," जैनुद्दीन मान डोलावून म्हणाला.

फाईल खाली आली. "मी तुमचं नाव विचारलं होतं," साहेब सावकाश म्हणाले. हसणाऱ्या गंगारामला त्यांनी डोळ्यांनीच गप्प केले. निघताना फळीवर हात ठेवला. "वस्तू उत्तम केलीत."

ते गेल्यावर जैनुद्दीन वळला. पडदा दोन कड्यांतून निसटून लोंबत होता.

त्याने पेटी उघडली. कर्ण्याचा कागद दमटपणाने उकलून फाटला होता, भिजलेल्या पापडासारखा. आतली तार शाबूत होती, म्हणून दिवा लागला होता. पाचही दिवे खरेच बोलले होते. कागदाला लावायचा खिळा कुठे असतो?

खतिजा उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"कवापासून हलवत होतीस?"

ती काहीतरी सांगत होती, बराच वेळ सांगत होती. पण तिने तोंडाला पदर लावला होता.