मॅट्रिकच्या वर्गातलं विलायती नाटक

चार मास्तर एका खोलीत बसले की किस्से आपोआप साठतात. वाशीमच्या आमच्या हायस्कुलात, इंग्रज सरकारच्या शेवटच्या वर्षांत, निम्मे किस्से एकाच नाटकावरून साठले. मी गणित शिकवत असे. जोगळेकर मास्तर इंग्रजी शिकवत, आणि मॅट्रिकला एका विलायती राजाचं जुनं नाटक लावत.

पहिल्या अंकात राजा आपल्या इमानदार प्रधानाला हाकलून देतो. एका पोरानं विचारलं, "सर, राजाले कोणी समजावलं काहून नाही?"

जोगळेकर म्हणाले, "समजावणाऱ्यालाच तर हाकललं."

*

केनवडचे सीताराम पाटील शाळेत आले. त्यांचा मुलगा मॅट्रिकला.

"मास्तर, पोरगं वखरामागं इंग्रजीत वरडते. बैल थांबून राह्यले. त्याले नाटक कायले? अर्ज लिहाले शिकवा, तहसीलात कामी पडन."

जोगळेकरांनी शांतपणे विचारलं, "कोणत्या ओळीला थांबतात?"

पाटील तिथून थेट शाळा समितीकडे गेले. नाटक बंद करा, अशी तक्रार दिली.

*

त्याच आठवड्यात इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांनी क्रियापदाचा काळ विचारला. कोणाला सांगता आला नाही. मग म्हणाले, "प्रधानाला हाकललं ते योग्य झालं का?" सगळा वर्ग उठून मोडक्या इंग्रजीत भांडायला लागला. साहेबांचा तास त्यातच गेला.

त्यांनी शेरा लिहिला: 'व्याकरण कच्चे. वर्ग जागा आहे.'

*

समितीनं चौकशी आपल्यातल्याच करीमभाईंवर सोपवली. त्यांचं कापडाचं दुकान होतं. ते मागच्या बाकावर बसले. जोगळेकर आधी इंग्रजीत वाचत, मग मराठीत सांगत. घंटा झाली तरी करीमभाई उठेनात.

"आगे क्या हुआ, मास्टर?"

"पुढचं उद्या."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून आले. मग रोजच येऊ लागले. समितीनं निकाल मागितला, तर म्हणाले, "नाटक ठेवा का काढा, मले आत्ता सांगता येत नाही. संपेपर्यंत मिटिंग पुढं ढकला."

*

पण मिटिंग ठरल्या दिवशीच झाली. तेव्हा तिसरा अंक संपला होता. हाकललेला प्रधान परमुलखात वारला, अशी बातमी राजाला येते, तो अंक.

हेडमास्तरांनी तक्रार वाचली. सीताराम पाटील उभे राहिले.

"ते कागद वापस द्या. नाटक राहू द्या."

"का हो?"

पाटलांनी टोपी काढून हातात घेतली. "पोरगं रोज घरी सांगते. त्या प्रधानाचं सांगतलं, त्या रात्री मले झोप नाही. सकाळीच गाडी जुपली, मालेगावले गेलो. माह्या लहान्या भावाले घेऊन आलो. वाटणीवरून मीच काहाडलं होतं त्याले. अकरा वर्सं बोललो नव्हतो."

जोगळेकरांनी विचारलं, "भाऊ घरी आहेत आता?"

"भाईर गाडीत बसून राह्यला. प्रधान खरंच मेला का, तेवढं इचारून ये म्हणते."