मावशीकडे न्यायच्या भाकऱ्या

आमच्या गावात माणूस गेलं की त्या घरात चूल पेटत नाही. स्मशानातून माणसं परतली की शेजारून पिठलं-भाकरी येते. त्याला कडू घास म्हणतात. आमच्या आळीत हा घास माझ्या आईच्या हातचा असे. तिला कुणी नेमलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या मागून टोपली घेऊन गेली, आणि सासू गेल्यावर तीच जात राहिली. लावणीच्या दिवसांतही बातमी आली की चिखलाचे पाय धुऊन ती तांदळाच्या पिठाची उकड काढायला बसायची.

आमच्या मागच्या खोल्यांत नारपोलीच्या कापडाच्या लूमवर काम करणारी पोरं भाड्याने राहत. त्यातला एक तापाने गेला. त्याची माणसं दूर मुलखात. आई टोपली घेऊन त्याच्या सोबत्यांपुढे जाऊन बसली. "खाव रे, खाव. रोने को भी ताकद लगता," तिचं हिंदी असलंच. पोरं जेवली.

या सगळ्यात तिची जोडीदारीण समोरच्या घरातली मावशी. नात्याची नाही, पण दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. भाकऱ्या आईने थापायच्या, मावशीने भाजायच्या. पहिली भाकरी मोडून मावशी दर वेळी म्हणायची, "गो, यात मीठ कुठं हाय?"

"तुझी जीभ खाडीच्या पान्यावर वाढलेली," आई म्हणायची. "तिला आमचं मीठ काय कलनार?"

मावशीचं माहेर खाडीकाठचं होतं.

आता शेतांवर गोदामं उभी आहेत. आमच्याही. मी काल्हेरला एका गोदामात सुपरवायझर आहे. आईला विसर पडतो. नातवंडांची नावं एकमेकांना लावते, जेवली तरी न जेवल्यासारखी बसून राहते. भाकरी थापायला मात्र हात विसरलेले नाहीत.

गेल्या वर्षी शेजारच्या दारात टेम्पोतून बांबू उतरले. मांडवाचे बांबू होते. आईने खिडकीतून बांबू पाहिले, जमलेली माणसं पाहिली, आणि थोड्या वेळाने डोळ्यांना पदर लावून पिठलं-भाकरीची टोपली घेऊन त्यांच्या ओट्यावर उभी राहिली. नवऱ्या मुलाची आजी ओरडली, "आगो, माझ्या नातवाची हलद हाय! कोन मेला म्हनून आलीस?"

पोरं खो खो हसली. मुलाचा बाप हसला नाही. "दादा, म्हातारीला आवरा," तो मला म्हणाला. "शुभकार्याच्या दारात हे बरं दिसत न्हाय."

मी आईच्या दंडाला धरून तिला घरी आणलं. चारचौघांत रागावलो. तिचं एकच चाललं होतं, "अरं, पन त्यांना खायला कोन देनार?" तेव्हापासून आम्ही बाहेर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतो. सकाळी बायको शेजारी उभी राहते आणि तेवढ्यापुरतं आईला थापू देते.

यंदा मावशी गेली.

आईला सांगायचं की नाही यावर घरात फार बोलणं झालं नाही. सांगितलं तर ती रडेल, विसरेल, पुन्हा मावशीबद्दल विचारेल, आणि दर वेळी तिला मावशी नव्याने गेल्याचं कळेल. बायको म्हणाली, "नको." मीही नको म्हणालो. तिरडीचे बांबू मागच्या गल्लीत उतरवा, हे पोरांना मीच सांगितलं. आईच्या खोलीची खिडकी लावली, टीव्ही मोठा केला, बाहेरून कडी घातली आणि मावशीला खांदा द्यायला गेलो. आईने साऱ्या गावासाठी जे केलं, ते तिच्या स्वतःच्या मैत्रिणीसाठी मी तिला करू दिलं नाही. हे मी कुणाजवळ बोललेलो नाही.

परतलो तेव्हा मावशीच्या घरी हॉटेलातून प्लास्टिकचे डबे आले होते. पुलाव होता. कुणी फारसं खाल्लं नाही. मावशीच्या मुलाने विचारलं, "काकीला सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस," तो म्हणाला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने भाकऱ्या फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. "तिला देऊन ये. फिरकली न्हाय ती. गुडघा धरला असंल."

मी ते फडकं घेऊन मावशीच्या घरी गेलो. तिच्या मुलाने माझ्या आईच्या हातची गाठ ओळखली. भाकरी मोडली, घरातल्या सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवला. सगळ्यांनी खाल्ली. मला तिथं उभं राहवेना.

घरी आलो तर आई दारातच. "काय म्हनाली?"

"मीठ कमी आहे म्हणाली."

आई हसली. कित्येक महिन्यांनी, तोंडाला पदर लावून. "म्हननारच! उद्या घालते तिला मूठभर."

दुसऱ्या दिवशी तिने खरोखरच मीठ वाढवलं. त्यानंतर रोज भाकऱ्या बांधते. मावशीचे दिवस झाले, त्या घरात पुन्हा गॅस पेटला. सुतक संपलेल्या घरात रोज कडू घास कसा न्यायचा? मी फडकं घेऊन निघतो, मावशीच्या दारावरून पुढे जातो आणि गोदामाच्या मागच्या कठड्यावर बसून त्या भाकऱ्या खातो. टाकवत नाहीत. आता त्या इतक्या खारट असतात की प्रत्येक घासाला पाणी प्यावं लागतं. बायको म्हणते, तुमचं बीपी वाढेल, मीठ बरोबर आहे असं सांगून टाका एकदा.

तिचं खरं आहे. पण बरोबर आहे म्हटलं की आई हसायची थांबेल आणि विचारेल, ती का येत नाही.

आज परत दारात उभी होती. "आज तरी झालं का तिच्या मनासारखं?"

माझे ओठ मिठाने चरचरत होते.

"अजून थोडं कमी आहे म्हणाली," मी म्हणालो.